गांजाला दवाखान्यात नेणारा तारमास्तर

१४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील तारसेवा कायमची बंद झाली. त्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या. ज्यांनी आयुष्यात कधी तार पाहिली नव्हती अशी महाविद्यालयीन मुले आठवण म्हणून स्वतःच्याच पत्त्यावर तार करीत होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत या सेवेचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास छापून आला आणि त्यात एखाद्या ओळीत ती उभारणाऱ्या माणसाचे नाव आले. विल्यम ब्रूक ओशॉनेसी. ती ओळ वाचून आपण पुढे गेलो. हा माणूस मुळात तारायंत्राचा अभियंता नव्हता, तो डॉक्टर होता. पटकीच्या रोग्याच्या रक्ताचे पृथक्करण करून शिरेतून सलाईन देण्याच्या उपचाराचा पाया त्याने घातला होता. आणि आपल्याकडे गोसावी-बैरागी ज्या गांजाची चिलीम ओढतात, तो गांजा तराजूत तोलून, अर्क काढून आधुनिक औषधशास्त्राच्या दारात नेऊन ठेवणाराही तोच होता.

गांजाला कायद्याची मोकळीक द्यावी काय, द्यावी तर किती आणि कोणत्या बंधनांसह, हा वाद आज जगभर सुरू आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये प्रौढांना त्याची परवानगी दिली. जर्मनीने २०२४ मध्ये मर्यादित प्रमाणात तोच मार्ग धरला. थायलंडने २०२२ मध्ये दरवाजा सताड उघडला आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून तो बराचसा लोटून घेतला. या वादात ओशॉनेसीचे नाव वारंवार घेतले जाते. समर्थक त्याच्या यशाची उदाहरणे देतात, विरोधक त्याने दिलेले इशारे पुढे करतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे त्याच्या एकाच निबंधात सापडते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्याचा जन्म १८०८ च्या सुमारास आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण एडिंबरो विद्यापीठात झाले आणि १८२९ मध्ये तो पदवीधर झाला. लंडनमध्ये व्यवसाय करण्याचा त्याचा बेत होता. परंतु शहरात वैद्यकीचा परवाना कोणाला द्यायचा याची मक्तेदारी तेथील प्रतिष्ठित वैद्यमंडळाकडे होती आणि बाहेरून आलेल्या तरुणाला तेथे सहज शिरकाव नव्हता. नाडी पाहायला मिळत नाही म्हटल्यावर त्याने रसायनशाळेचा आश्रय घेतला. विषांची तपासणी हा त्याचा विषय झाला. १८३० मध्ये त्याने लंडनच्या बाजारातील रंगीत मिठाई तपासली आणि मुले आवडीने चघळत असलेल्या गोळ्यांत शिशासारख्या विषारी धातूंचे रंग असल्याचे दाखवून दिले. अन्नभेसळीच्या आजच्या बातम्या लिहिणाऱ्या आम्हा वार्ताहरांचा तो एका अर्थी पूर्वजच म्हणायला हवा.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये पटकीची साथ शिरली. अतिसार आणि वांत्यांनी माणूस काही तासांत निळा पडून मरत असे आणि त्यावर डॉक्टरांचा मुख्य उपाय म्हणजे शिर कापून रक्त काढणे! ओशॉनेसी साथीच्या ठिकाणी गेला, रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणावर निघून गेले असल्याचे सिद्ध केले. जे गेले ते परत भरून द्यावे, हे त्याचे अनुमान. त्यावर विसंबून थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टराने १८३२ मध्ये रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले आणि मरणाच्या दारातील काही माणसे उठून बसली. आज तालुक्याच्या रुग्णालयातही खाटेशेजारी लटकणाऱ्या सलाईनच्या बाटलीमागची ही कथा आहे. तेव्हा ओशॉनेसीचे वय पंचविशीच्या आतच होते. तरीही लंडनमध्ये त्याचे बस्तान बसले नाही. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत साहाय्यक शल्यविशारद म्हणून तो कलकत्त्याला आला.

कलकत्त्याची प्रयोगशाळा

१८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि तरुण ओशॉनेसी तेथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. ते दिवस मोठे विलक्षण होते. पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये याच महाविद्यालयात मानवी शवाचे विच्छेदन करून जुनी रूढी मोडली होती. विलायतेहून जहाजाने येणारी औषधे महाग पडत आणि कित्येकदा वाटेतच खराब होत. त्यामुळे या देशातील वनस्पतींत औषध शोधणे ही कंपनीच्या दृष्टीने काटकसरीचीही गोष्ट होती. ओशॉनेसीने बाजारात फिरून, वैद्य-हकिमांना विचारून एकेक वनस्पती तपासायला घेतली. या कामातून पुढे ‘बंगाल डिस्पेन्सेटरी’ आणि १८४४ मध्ये ‘बंगाल फार्माकोपिया’ हे ग्रंथ तयार झाले. या साऱ्या वनस्पतींमध्ये त्याचे मन गुंतले ते गांजात.

गांजा कलकत्त्यात लपूनछपून विकली जाणारी वस्तू नव्हती. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९३ पासूनच गांजा, भांग आणि चरस यांच्या विक्रीसाठी परवान्याची पद्धत लावली होती आणि त्यावरील कर तिजोरीत जमा होत होता. सरकारला या वनस्पतीचे उत्पन्न ठाऊक होते, तिचा गुण-दोष मात्र कोणी मोजला नव्हता. मोजणे हा तर ओशॉनेसीचा स्वभाव. आधी त्याने ग्रंथ धुंडाळले. संस्कृत साधनांसाठी मधुसूदन गुप्त आणि एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार यांची, तर अरबी-फारसी साधनांसाठी हुगळीचे सय्यद करामत अली यांची मदत घेतली. मग तो बाजारात गेला. फुलोऱ्याचे सुकवलेले शेंडे म्हणजे गांजा, पानांपासून घोटतात ती भांग आणि झाडावरचा चिकट राळेसारखा पदार्थ म्हणजे चरस, हा भेद त्याने युरोपीय वाचकासाठी नीट मांडला. चरस गोळा करण्यासाठी चामड्याचे कपडे घातलेली माणसे शेतातून धावतात आणि त्या कपड्यांना चिकटलेली राळ खरवडून घेतात, ही माहिती त्याने नोंदवली. तूप, दूध, साखर घालून केलेल्या माजूमच्या वड्या कशा थापतात, तेही त्याने हलवायाकडून समजून घेतले. या नोंदी वाचताना तो पाककृती लिहून घेत आहे असेच वाटते.

त्यानंतर प्राण्यांची पाळी आली. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला नेपाळी चरसाचे दहा ग्रेन दिले. अर्ध्या तासात त्याला गुंगी आली. तो पेंगे, मध्येच दचकून उठे, समाधानाने शेपूट हलवी आणि लटपटत्या पायांनी चाले. सहा तासांनी तो ठणठणीत झाला. मांजरे, डुकरे, गिधाडे, कावळे, मासे या सगळ्यांवर प्रयोग झाले. मांसाहारी प्राण्यांना नशा चढते आणि घोडा, गाय, शेळी यांसारख्या गवत खाणाऱ्यांवर फारसा परिणाम होत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. यातून त्याला हवे होते ते एकच उत्तर मिळाले. या मात्रेत जीव जात नव्हता.

मग माणसे. ६ नोव्हेंबर १८३८ रोजी दुपारी संधिवाताच्या तीन रुग्णांना राळेची एक-एक ग्रेन देण्यात आली. दोन तासांत त्यांतील एकजण बडबडू लागला, गाऊ लागला, जादा जेवण मागू लागला आणि आपण पूर्ण बरे झालो असे सांगू लागला. संध्याकाळी तो झोपला. रात्री पाहतात तो त्याला शुद्ध नाही आणि त्याचा हात उचलून ज्या अवस्थेत ठेवावा त्याच अवस्थेत मेणाच्या पुतळ्यासारखा राहतो. नंतर तो सावरला. परंतु एका ग्रेनने एवढा परिणाम होतो, हे पाहून पुढील मात्रा कमी करण्यात आल्या. महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनीही स्वतःवर प्रयोग करून घेतले. त्यांतील एक लाजाळू मुलगा अल्पशा मात्रेने एकदम राजा झाला, दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला आणि शास्त्र, धर्म व राजकारण यांवर अस्खलित बोलू लागला. काही तासांनी ते राज्य खालसा झाले.

येथे थांबून एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने हे प्रयोग मंजूर केले नसते. रुग्ण इस्पितळातील गरीब माणसे होती, विद्यार्थी आपल्या प्राध्यापकापुढे उभे होते. नकार देण्याचे स्वातंत्र्य त्यांना किती होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या काळी जगात कोठेच असा प्रश्न विचारला जात नव्हता, हे खरे असले तरी.

चाळीस दिवसांचे बाळ

पिसाळलेला कुत्रा चावलेला एक हकीम त्याच्याकडे आणला गेला. चावून तीन आठवडे झाले होते. पाणी दिसताच त्याच्या घशाला आणि साऱ्या शरीराला आचके येत. अशा रोग्याचा मृत्यू तेव्हा निश्चित होता, आजही लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ निश्चितच असतो. ओशॉनेसीने त्याला गांजाच्या राळेच्या मऊ गोळ्या दिल्या. आचके सैलावले. त्याला संत्र्याचा रस चोखता आला, ओला भात गिळता आला. काही दिवसांनी तो वारला, पण पाण्याच्या तहानेने तडफडत नव्हे. आपण रोग बरा केला असा दावा ओशॉनेसीने केला नाही. मरणाची यातना कमी करता आली, एवढेच त्याने लिहिले. धनुर्वाताच्या रुग्णांतही त्याने हेच औषध मोठ्या मात्रेत वापरले आणि त्यांतील काही वाचले. पटकीत मात्र फळ संमिश्र होते आणि ते त्याने तसेच नोंदवले.

साऱ्या प्रयोगांत मनाला चटका लावून जाते ते एका तान्ह्या मुलीचे प्रकरण. वय अवघे चाळीस दिवस. अंगाला सतत झटके येत होते. जळवा झाल्या, अफू झाली, त्या काळचे सगळे उपाय झाले. बाळ वाळून चालले होते. शेवटी गांजाच्या मद्यार्कातील अर्काचे थेंब जिभेवर सोडण्यास सुरुवात झाली. आरंभीची मात्रा ग्रेनच्या विसाव्या हिश्श्याएवढी होती. झटके थांबले, परत आले, मात्रा वाढवली, पुन्हा थांबले. एका टप्प्यावर दिवसाला १३० थेंबांपर्यंत जावे लागले. अखेर झटके गेले आणि बाळ पुन्हा गुटगुटीत झाले. झटक्यांवर एक अत्यंत मोलाचे औषध वैद्यकाच्या हाती आले आहे, अशी त्याची खात्री झाली.

हा सगळा वृत्तान्त त्याने १८३९ पासून बंगालच्या वैद्यकीय मंडळापुढे मांडला व प्रसिद्ध केला. त्याच लेखनात त्याने सततच्या गांजासेवनाने येणाऱ्या भ्रमावरही स्वतंत्रपणे लिहिले आहे. अशा माणसाची झोकांड्या खात चालण्याची ढब, हात चोळत राहण्याची सवय, कारण नसताना खिदळणे आणि जवळ येईल त्याचे पाय चेपत बसण्याची ओढ, ही लक्षणे त्याने बारकाईने टिपली आहेत. नव्या डॉक्टरांनी मात्रा अगदी लहान ठेवावी, असा त्याचा आग्रह होता. त्याचबरोबर गांजाचे दुष्परिणाम मद्य, अफू किंवा तंबाखूच्या अतिरेकाइतके असंख्य वा भयंकर आपल्याला दिसले नाहीत, असेही त्याने लिहून ठेवले. दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीची पाने फाडून घेता यावीत असा हा निबंध आहे. पण तो लिहिणाऱ्याला कोणाचा पक्ष घ्यायचा नव्हता, त्याला मात्रा ठरवायची होती.

१८४१ मध्ये तो रजेवर इंग्लंडला गेला, तेव्हा त्याच्या सामानात गांजा होता. लंडनमधील पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क तयार केला आणि तो पुढे कित्येक वर्षे विकला गेला. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. गांजाचा अर्क इंग्लंड-अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत दाखल झाला. अर्धशिशी, झटके, वेदना, निद्रानाश अशा तक्रारींवर डॉक्टर तो लिहून देऊ लागले. (राणी व्हिक्टोरिया हे औषध घेत असे, ही गोष्ट अनेक ठिकाणी छापून येते. तिला पुरावा नाही.)

परंतु थोड्याच दिवसांत एक अडचण पुढे आली. कलकत्त्यात जो गुण येई, तो लंडनमध्ये येईना. समुद्रप्रवासात माल शिळा होई, एका खेपेचा अर्क पाण्यासारखा तर दुसऱ्या खेपेचा जहाल निघे. त्यात गुणकारी द्रव्य कोणते, हेच माहीत नसल्याने ते मोजायचे कसे? शिवाय ते पाण्यात विरघळत नसल्याने नव्याने आलेल्या इंजेक्शनच्या सुईतूनही देता येत नव्हते. मॉर्फिन देता येत होते. १८९९ मध्ये अॅस्पिरिन बाजारात आले आणि गांजाच्या बाटल्या हळूहळू मागच्या फडताळात गेल्या. कायद्याने बंदी येण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांनीच त्याकडे पाठ फिरवली होती, हा भाग आजच्या वादात बहुधा गाळला जातो.

तारेच्या मागे

ओशॉनेसी स्वतः तोवर भलत्याच उद्योगात बुडाला होता. गांजाचे प्रयोग चालू असतानाच, १८३९ मध्ये, त्याने कलकत्त्याजवळ एकूण २१ मैल लांबीची तार ताणून विजेने संदेश पाठवून दाखवला होता. हुगळीच्या पाण्याचाही त्याने विद्युत्मंडलात उपयोग केला. संदेश आला हे ओळखण्याची त्याची एक रीत म्हणजे बोटांना बसणारे सौम्य धक्के! सरकारने तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केले. १८४४ मध्ये परतल्यावर त्याला टांकसाळीत काम मिळाले. काही वर्षे गेली आणि लॉर्ड डलहौसीला या डॉक्टराची आठवण झाली.

१८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. या देशात बारीक तार टिकणार नाही, माकडे तिला लोंबकळतील, मोठे पक्षी तिच्यावर बसतील, हे ओळखून ओशॉनेसीने जाड लोखंडी सळया वापरल्या. १८५२ मध्ये रंगून पडल्याची वार्ता या तारेने कलकत्त्यात पोचली आणि डलहौसीची खात्री पटली. नोव्हेंबर १८५३ मध्ये मुख्य काम सुरू झाले आणि पुढच्या मार्चमध्ये आग्र्याला, म्हणजे सुमारे ८०० मैलांवर, संदेश पोचला. १८५४ मध्येच मुंबई या जाळ्यात आली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावून जेमतेम वर्ष झाले होते. १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी तारघरे उघडली. प्रशिक्षित माणसे नव्हती, यंत्रे नव्हती, पुलाविना नद्या होत्या आणि हे खाते चालवणारा माणूस रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. १८५६ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. १८५७ च्या उठावात याच तारांनी इंग्रजांना सावध केले, त्यामुळे या कर्तृत्वाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

१८६० च्या सुमारास तो भारतातून गेला तो कायमचा. १८६१ मध्ये त्याने आपले आडनावच बदलून ब्रूक असे केले. त्यानंतर त्याचे आयुष्य जवळजवळ अज्ञातवासात गेले. सलाईन, गांजा आणि तार, या तिन्ही विषयांवर त्याने पुढे काही ठोस केल्याचे दिसत नाही. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथसी येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी गांजाचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पोचला. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गंजेडींनी भरली आहेत, अशी तक्रार होती. दारूबंदीचे पुरस्कर्ते खासदार विल्यम केन यांनी प्रश्न विचारला आणि १८९३ मध्ये सरकारने सात सदस्यांचे कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते आणि तीन सदस्य हिंदी होते. कमिशनने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. सैनिक, डॉक्टर, मिशनरी, जमीनदार, बैरागी असे सगळे त्यांत आले. १८९२ मध्ये इस्पितळांत दाखल झालेल्या ज्या २२२ रुग्णांच्या वेडाचे खापर गांजा-भांगेवर फोडले गेले होते, त्यांची कागदपत्रे तपासली. निम्म्याहून कमी प्रकरणांत तो संबंध टिकला. बाकीच्यांत पोलिसाने किंवा कारकुनाने कारणाच्या रकान्यात काहीतरी भरायचे म्हणून गांजा लिहिला होता. नोंदवहीतील रकाना रिकामा राहू नये म्हणून सत्य कसे तयार होते, याचा अनुभव पोलीस ठाण्यांच्या चकरा मारणाऱ्या कोणत्याही वार्ताहराला आहे.

१८९४ मध्ये अहवाल आला. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे लक्षणीय अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा निष्कर्ष होता. संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवून कमिशनने नियमन सुचवले. लागवड ठराविक प्रदेशात ठेवावी, पुरेसा कर लावावा, विक्रीला परवाना असावा, एका माणसाजवळ किती माल असावा याला मर्यादा घालावी. आज अन्य देशांत नवे म्हणून जे आराखडे मांडले जातात, त्यांतील बराच भाग या सात खंडांत आहे. मात्र तीनपैकी दोन हिंदी सदस्यांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, या निष्कर्षांशी असहमती नोंदवली. गांजाची मोकळीक हाच काय तो आपल्या संस्कृतीचा आवाज आणि बंदी म्हणजे केवळ साहेबाची देणगी, असे सरसकट बोलणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आणि सरकारला गांजाचा महसूल मिळत होता, हेही विसरता येत नाही.

विसाव्या शतकाने वेगळी दिशा घेतली. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तने हशीशचा विषय लावून धरला. अमेरिकेने १९३७ मध्ये कर-कायद्याच्या मार्गाने गांजाची कोंडी केली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा व चरस कडक बंधनाखाली आले, भारताच्या आग्रहामुळे पानांना त्या व्याख्येतून वगळले गेले आणि जुन्या प्रथा बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीतच १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा झाला. या कायद्यात भांगेची पाने बसत नाहीत, पण तिच्यावर राज्यांचे कायदे लागू होतात. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे परवान्याविना भांग बाळगता येत नाही. गांजाचे २० किलोहून अधिक प्रमाण व्यापारी मानले जाते व त्यासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगासाठी सरकारी परवानगीने वाट मोकळी आहे, पण ती वाट फार थोड्यांनी चालून पाहिली. उत्तराखंडाने २०१८ मध्ये कमी नशेच्या औद्योगिक वाणांसाठी परवाने देण्यास प्रारंभ केला, हिमाचल प्रदेशाने २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक प्रकल्पाला मंजुरी दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढले. मतदान २७ विरुद्ध २५ असे झाले आणि भारताचे मत काढण्याच्या बाजूने पडले.

आकडे दोन्ही बाजूंना बोलतात. केंद्र सरकारच्या वतीने एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. एवढ्या माणसांना गुन्हेगार ठरवणे व्यवहार्य नाही, हे मान्य करावे लागते. पण याच पाहणीने सुमारे ७२ लाख लोकांना या सवयीतून सुटण्यासाठी मदतीची गरज असल्याचेही म्हटले आहे, आणि व्यसनमुक्तीच्या खाटा किती आहेत हे रुग्णाच्या नातेवाइकांना विचारावे. शिवाय आजचा माल ओशॉनेसीच्या काळचा नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातील मुख्य मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर गेले. हे द्रव्य १९६४ मध्ये इस्रायलमधील राफेल मेकूलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ज्याच्या अभावी ओशॉनेसीचा अर्क लंडनमध्ये फसला, ते मोजमाप तेव्हा हाती आले.

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या अपस्माराच्या दोन दुर्मिळ आणि दुर्धर प्रकारांवर एका औषधाला मान्यता दिली. ते गांजाच्या झाडापासूनच काढलेले आहे, मात्र त्यातील नशा आणणारे द्रव्य वगळून. इतर औषधांनी न थांबणारे झटके त्याने कमी होतात. ते पातळ औषध आहे, मुलाच्या वजनानुसार मोजून तोंडाने द्यायचे असते आणि मात्रा थोडीथोडी वाढवत न्यायची असते.